सातचं फूल

जिजी एकटी राहायची, तिची तीन मुलं तीन गावांना. रोज सकाळी सातला तिनं घरच्या ग्रुपवर कुंडीतल्या फुलाचा फोटो टाकायचा, आणि साडेसातपर्यंत नाही आला तर मुलांनी शेजारणीला किल्ली घेऊन पाठवायचं, असं ठरलेलं. मागच्या आठवड्यात जिजीचा जरा डोळा लागला, तर शेजारीण साबणाच्या हातांनीच धावत आली. जिजीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, फोनमध्ये महिन्याभराची फुलं एकदमच भरून ठेवते. रोज सातला आपोआप जातील, तू खुशाल लोळ," भेटायला आलेली नात म्हणाली.

"म्हणजे मी घोरत असले तरी सगळ्यांना वाटणार, म्हातारी उठली!" जिजी खुदकन हसली आणि तिनं फोन नातीच्या हातात दिला.

आज पहाटे न्हाणीघरात तिचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाका मारून घसा बसला, पण आवाज भिंतीबाहेर जाईना. तिनं मनाला समजावलं, थोडी कळ काढ, साडेसातला कुलूप उघडेलच.

 

सात वाजले. बाहेरच्या खोलीत तिचा फोन टुणकन वाजला, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. तिन्ही मुलांनी आजच्या फुलाला अंगठा दिला होता.