चांगल्या वळणाची

"पट्टा काढून ठेव आणि पुढे वाक, वेनिंग. तळवे जोडून, अगदी खाली," डॉक्टर म्हणाले.

वेनिंग वाकली, तशा एका बाजूच्या बरगड्या पाठीवर उंच उठून आल्या. तिची आई लास्त्री खिडकीबाहेर पाहू लागली. लेकीचा कणा वाकडा वाढतोय हे शाळेतल्या तपासणीत कळलं, तेव्हापासून तिला ती पाठ बघवत नसे.

तेव्हापासूनच वेनिंगच्या अंगात हा काखेपासून कमरेपर्यंतचा कडक प्लास्टिकचा पट्टा होता. आंघोळीपुरता काय तो सुटे. लास्त्रीने तो ढगळ कपड्यांखाली लपवला. पुढेमागे पोरीचं लग्न जमवायचं होतं.

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या त्यांच्या गल्लीत वडीलधाऱ्यांसमोरून जायचं तर उजवा हात खाली सोडून, खांदा झुकवूनच. पट्ट्यात जखडलेली वेनिंग झुकणार कशी? बायका नाकं मुरडत. "काय बाई हिचा ताठा! धाकटीकडून शीक म्हणावं जरा."

धाकटी सेकार सगळ्यांची लाडकी. ओट्यावर कुणी असो नसो, ती आपली खांदा झुकवूनच चालायची. "पोरीला वळण लावावं तर लास्त्रीनंच," शेजारीण म्हणे. बिचाऱ्या लास्त्रीला तेवढाच काय तो विसावा होता.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"बाक वाढलाय, बाई. पट्ट्याने थांबला नाही. ऑपरेशन करावं लागेल."

"अहो, पण तिने एक दिवस चुकवला नाही! उकाड्यात घामोळ्यांनी सोलून निघाली पोर, तरी..." लास्त्रीला रडू फुटलं.

"आई, रडू नको ना," वेनिंग म्हणाली आणि स्वतःच रडू लागली.

दार ढकलून सेकार पाण्याची बाटली घेऊन आत आली. डॉक्टरांसमोरून खांदा झुकवून गेली आणि बाटली बहिणीला दिली. "पी ताई, थोडं."

लास्त्रीने डोळे पुसले. "ही माझी धाकटी. अल्लाने एक तरी धडधाकट दिली हो."

डॉक्टर सेकारकडे पाहतच राहिले.

"बाळ, माझ्यापुढे एवढी अदब नको. सरळ उभी राहा बघू."

सेकार गोंधळली. तिने आईकडे पाहिलं आणि हसली.

"सरळच उभी आहे की, डॉक्टरकाका."