डब्यातली जुनी चेन

“आठ दिवस चालवून बघा. कुरकुरली तर परत आणा,” असं म्हणत ताईने गिऱ्हाइकाच्या हातात सायकल दिली आणि काढलेली जुनी चेन चिठ्ठी बांधून पत्र्याच्या डब्यात टाकली. नवा भाग आठ दिवस नीट चालल्याशिवाय जुना फेकायचा नाही, हा तिच्या दुकानाचा कायदा होता.

मागच्या टेबलावर पान्हे बाजूला सारून तिचा धाकटा भाऊ लॅपटॉप उघडून बसला होता. मित्र त्याला ‘अपडेट’ म्हणायचे. वेबच्या दुनियेतल्या बातम्या तो दात घासता घासता वाचायचा, आणि चूळ भरेपर्यंत त्याचं मत बदललेलं असायचं. नोकरी सुटून चार महिने झाले होते. तेवढ्या काळात त्याने ताईच्या दुकानाची वेबसाइट एकोणीस वेळा नव्याने लिहिली होती. गिऱ्हाइकाने घरबसल्या दुरुस्तीची वेळ ठरवायची, एवढंच तिचं काम. पण हाताला काम नसलं की माणूस भिंतीलाही रंग देत सुटतो.

आज अकरा वाजता त्याची मुलाखत होती, फोनच्या पडद्यावरून. ‘लोक खरोखर वापरतात असं तुमचं एखादं काम दाखवा, आणि ते वापरणाऱ्या माणसाशी आमचं बोलणं करून द्या,’ असं तिकडच्या बाईंनी कळवलं होतं. म्हणून तो दुकानात येऊन बसला होता. ही नोकरी त्याला हवी होती.

“ताई, कालची साइट विसर. पहाटे नवी चढवलीय. सगळं वारंच फिरलंय आता. पान गिऱ्हाइकाच्या फोनवर जुळवत बसायचं नाही. सर्व्हरवरच आख्खं तयार करायचं आणि पाठवून द्यायचं. एकदम नवी कल्पना!”

“तुझं पहिलं पान तसंच यायचं ना? आख्खं?” ब्रेकची तार ओढत ताईने विचारलं.

“ते वेगळं गं.”

कसं वेगळं, ते सांगायच्या आत फोन वाजला.

बाई कमी बोलणाऱ्या होत्या. रुग्णालयांत नंबर लावायच्या साइट आपण चालवतो, एवढं त्यांनी सांगितलं आणि म्हणाल्या, “दाखवा.”

अपडेटने नवी साइट उघडली. मधोमध एक चाक फिरू लागलं. फिरत राहिलं. तो घाईघाईने बोलत सुटला. या महिन्यात कशाचा बोलबाला आहे, मागच्या महिन्यातलं काय मोडीत निघालं, जाणकार काय म्हणतात, सगळं त्याने सांगून टाकलं. अखेर पान उघडलं, तेव्हा त्याचं त्यालाच हायसं वाटलं.

“छान आहे. आजच्या नोंदी बघू.”

त्याने यादी उघडली. आज एकच, पहाटेची. नाव चाचणी, तक्रार चाचणी.

“पण तुमच्या मागे दारात तर सायकलींची रांग दिसतेय मला,” बाई म्हणाल्या.

अपडेटने मान वळवली. सहा सायकली, सहा चिठ्ठ्या. चार महिने ही रांग बघून तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आला होता.

“ताई, हे लोक वेळ कुठून ठरवतात?”

ताईने हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखे भाव होते. “जुन्या पानावरून. प्रत्येक चिठ्ठीवर त्याचाच पत्ता छापलाय.”

“ते बंद कर म्हणून सांगितलं होतं ना मी तुला?”

“करणार होते रे. पण नवं आठ दिवस नीट चालल्यावर! तुझं एकही आठ दिवस टिकलं नाही. सातव्या दिवशी तू दुसरंच घेऊन यायचास.”

अपडेटला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“ते जुनं दाखवता का?” बाईंनी विचारलं.

त्याने पत्ता टाकला. बोट उचलायच्या आत पान समोर. पांढरं, साधं. नाव, फोन, काय बिघडलंय, कधी येऊ, आणि खाली एक बटण. आजच्या अकरा नोंदी.

“कुणी लिहिलंय हे?”

“मीच,” तो पुटपुटला. “कॉलेजात असताना. तेव्हा मला एवढंच येत होतं.”

“किती वर्षं चालतंय?”

“नऊ,” ताई म्हणाली.

“नऊ वर्षांत किती वेळा बंद पडलं?”

“एकदाच. यानं सुधारायला घेतलं तेव्हा. मग मीच म्हटलं, याला हात लावू नकोस, तुझं काय ते वेगळं बांध.”

पडद्यावरच्या बाई पहिल्यांदा हसल्या. आमच्या रुग्णांना फिरतं चाक बघत बसायला वेळ नसतो, असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. “ज्याने हे पान लिहिलं तो मुलगा मला हवाय. सोमवारपासून येऊ दे.”

अपडेटचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला तो उगीच पान्हे रांगेत लावू लागला.

“ताई, तुम्ही त्याला इतकी वर्षं ओळखता,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला काही सांगायचंय?”

ताईने एकवार भावाकडे पाहिलं.

“आठ दिवस चालवून बघा. कुरकुरला तर परत आणा.”