वाट बघण्याचं इंग्रजी

“थांबणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं,” भिकाजी मास्तर म्हणाले. “ही गाडी फलाटावर थांबते. ती कुणाची वाट बघते का?”

“नाय,” राही म्हणाली.

“मग ‘वेट’ म्हणजे काय?”

“वाट बघणे. पण आमच्या बाईंनी ‘थांबणे’ सांगितलंय.”

“बाईंचं चुकलं नाही. अर्धं त्यांनी सांगितलं, अर्धं माझ्यासाठी ठेवलं.”

राही हसली. तिचा पुढचा एक दात पडलेला होता. दुसरीत होती ती. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, मास्तरांच्या शेजारी, मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. दप्तर इतकं फुगलेलं, की चेन पुरती लागत नव्हती.

मास्तर सकाळपासून डोळ्यांच्या दवाखान्यात बसून आले होते. गुडघे ठणकत होते. लांज्याला घरी जायचं आणि आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. पण बाकावर ही मुलगी इंग्रजीचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी एक उच्चार सुधारला. तिची आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

“मास्तर होतात का तुम्ही?”

“जन्मभर.”

“मग हिच्याकडे जरा लक्ष ठेवा हां, आजोबा. मी पाणी घेऊन येते.”

जाताना तिने राहीच्या केसांतली पिन काढून पुन्हा नीट लावली आणि मोठी पिशवी उचलली.

फलाटावरची ती राजापूरची गाडी आता घरघरत मागे सरू लागली. मास्तरांनी राहीला खांद्याला धरून स्वतःकडे वळवलं.

“अशी बस. ऊन येतंय तोंडावर.”

मग गुडघ्यावर हात देत ते उठले आणि चौकशीच्या खिडकीशी गेले. आत बाबू बसला होता. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी.

“काय मास्तर, झोप लागली काय? ही राजापूर तुम्हाला लांज्याला चालली असती की!”

मास्तर खिडकीत वाकून हळू आवाजात काहीतरी बोलले. बाबूने फोन उचलला.

“काय विचारलंत?” ते परत आल्यावर राहीने विचारलं.

“गाडीचं. आईचा मोबाईल नंबर पाठ आहे तुला?”

तिने तो पाढ्यासारखा म्हणून दाखवला. मास्तरांनी फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि खिशात ठेवला.

“रेंज नसेल. बरं, वेट झालं. आता त्याचे नातेवाईक. वेटिंग रूम?”

“वाट बघायची खोली.”

“वेटर?”

“हॉटेलवाला.”

“हॉटेलवाला नव्हे, वाढणारा. तुला काय हवं ते तू सांगेपर्यंत तो उभा असतो ना?”

“आमच्या आईला पण मग वेटर म्हणायचं. मी जेवेपर्यंत ती उभीच असते.” राहीला स्वतःच्याच बोलण्याची मजा वाटली. “आणि वेटिंग लिस्ट मला माहितेय. गणपतीत आम्ही मुंबईहून वेटिंगवर आलो. उभ्याने. बाबा तिकडेच राहिले.”

“येतात का ते?”

“नाय.”

मास्तरांनी खिशातून गोळीची पट्टी काढली. राहीने लगेच दप्तरात हात घालून बाटली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग झाकण उघडून घोटभर पाणी प्यायले.

“लांजा, लांजा!” कंडक्टर दारातून ओरडला. “आजोबा, या! जागा आहे.”

“तू जा बाबा. मी मागून येतो.”

“मागून काय, चालत येताय?”

गाडी गेली. तिच्या धुराने मास्तरांना खोकला आला. त्यांनी डोळे मिटून घेतले. शिकवायचा इतका कंटाळा त्यांना कधी आला नव्हता. पण मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“आता दुसरा शब्द,” ते म्हणाले. “एक्स्पेक्ट. ह्यातही वाट बघणं आहे. पण माणूस येणार, हे धरून चालायचं. आई दोन माणसांचा भात जास्त टाकते, तेव्हा ती पाहुण्यांना एक्स्पेक्ट करते.”

“आणि पाहुणे आलेच नाहीत तर?”

“तर भात उरतो.”

“आणि ते येणार की नाही ते माहीतच नसेल तर?”

“त्याला होप. येईल की नाही ठाऊक नाही, पण यावं असं वाटतं.”

खिडकीतून बाबूची हाक आली. आता तो हसत नव्हता.

“मास्तर, लांज्याहून फोन होता. तिथे कुणी उतरलं नाही म्हणाले.”

“बरं,” मास्तर म्हणाले. “पुढे राजापूरला विचारून बघ.”

ऊन उतरलं होतं. भेळवाल्याने गाडीवरचं फडकं काढलं. राहीने चेनमधून बाहेर आलेली फ्रॉकची बाही बोटाने आत ढकलली.

“तिन्ही शब्दांची वाक्यं कर बघू,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. “आई येईपर्यंत होतील.”

 राहीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

“तुम्ही दमलात, आजोबा. वाक्यं नंतर करू.” तिने मान खाली घातली. “मी आता तिकडे तोंड करून बसू? आई राजापूरच्या गाडीत चढली, ते मी मघाशीच बघितलं.”