अळीचं भोक

दोघी जावा बाजारात शेजारीशेजारी वांगी विकायला बसत. धाकटीने यंदा प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं, अळी न लागणारं बियाणं लावलं होतं. वांगी अशी निघाली, की त्यांत तोंड बघून घ्यावं. गिऱ्हाईक मात्र तिच्या पाटीला वळसा घालून थोरलीपुढे गर्दी करायचं.

"यांना अळीची भोकं आहेत, म्हणजे अस्सल जुनं वाण," असं म्हणत एक शिकल्यासवरलेल्या बाई थोरलीची दोन किलो भोकं कौतुकाने घेऊन गेल्या.

धाकटीचा नुसता जळफळाट झाला. पुढच्या बाजाराच्या सकाळी ती दाभण घेऊन बसली.

"वांग्यांना इंजेक्शन देतेस का गं?" नवऱ्याने विचारलं.

"हो. तुमच्या वहिनीचं नशीब टोचतेय."

पण दाभणाचं भोक काही केल्या अळीचं वाटेना. नमुन्याला एखादं खरं किडकं वांगं मागून आणावं म्हणून ती थोरलीकडे गेली. थोरली चुलीपाशी बसली होती. तापवलेली तार एकेका तुकतुकीत वांग्यात हलकेच खुपसत होती. भोकाच्या कडा अळीने पोखरल्यासारख्या तपकिरी होत होत्या.

"ये. तुझं ते बियाणं मी दोन वर्षं लावतेय," थोरली मान वर न करता म्हणाली. "दार तेवढं लोटून घे."

धाकटीने दार लोटलं. बाजारात एक शब्द बोलली असती, तर थोरलीचं बिंग फुटलं असतं. पण तिला डाचत होतं ते वेगळंच. हेसुद्धा मेलीला आपल्याआधी सुचावं!