हार कुणाच्या हातचा

श्रुतिकाने टाचा उंचावून दत्ताच्या तसबिरीवरचा कालचा हार उतरवला. सुकला होता, तरी अगदी मधोमध होता. खाटेवर बसून वनमालाबाई बघत होत्या. सुनेचा हार एक दिवस तरी वाकडा बसावा, असं त्यांना फार वाटे. तीस वर्षं देवाला हार त्यांच्याच हातचा. आता दीड वर्ष झालं, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

व्यायाम शिकवायला येणारी भाविका दाराला टांगलेली दोरी-कप्पी बघत होती. दोरीवर धूळ होती.

"काकू, आठवडाभर हात लावला नाहीत ना?"

"दुखतं गो."

"मग हे बंद. तुमच्या रोजच्या कामातलंच काहीतरी घेऊ. हात जात नाही म्हणून सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं?"

वनमालाबाईंनी जपमाळ चाचपली. "वेणी घालता येत नाही."

"खोटं सांगतात," श्रुतिका ताजा हार सोडवत म्हणाली. "हार मी घालते, त्याचं वाटतं. घातला की चहा होईपर्यंत बोलत नाहीत माझ्याशी."

जपमाळेचे मणी भराभर सरकले.

भाविकाने छातीच्या उंचीवर लावलेल्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "तसबीर ह्या खिळ्यावर आणू. दुखलं की थांबायचं. जमेल तसा खिळा वर नेऊ."

"माझ्यासाठी देवाने खाली यायचं?"

"नाहीतर मी आहेच की," श्रुतिका म्हणाली.

वनमालाबाई उठल्या.

तसबीर खाली आली. हात थरथरत वर गेला. हार बसला तो तिरका, एक बाजू देवाच्या मुखावर. श्रुतिकाने सवयीने बोट लावून तो सरळ केला.

वाहिलेला ताजा हार लगेच काढू नये, हे वनमालाबाईंनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी हार काढला आणि पुन्हा घातला. पुन्हा तिरका.

श्रुतिकाने हसू दाबलं आणि हार पुन्हा सरळ केला. वनमालाबाईंचा हात पुन्हा वर गेला, या वेळी न थरथरता.

"तीन," भाविका म्हणाली. "काकू, दुखतंय का?"

"ते मागाहून सांगते. आधी हिला आत पाठव."