हाताचा वास

गेणूभाऊंनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि घोटीजवळच्या त्यांच्या घरात मासळी शिजायची बंद झाली. पण यंदा थंडीत ओहोळाचं पाणी आटायला लागलं, तसे ते रोज सकाळी बादली घेऊन बाहेर पडायला लागले. परत आले की हाताला माशांचा वास! घरात शिजत नाही, मग हे खातात कुठे? आणि कुणाच्या हातचं? कुसाबाईंना घास गोड लागेना. शेवटी त्या गुपचूप नवऱ्याच्या मागोमाग ओहोळावर गेल्या.

गेणूभाऊ आटत चाललेल्या डबक्यातले तडफडणारे मासे ओंजळीने बादलीत भरत होते आणि खालच्या डोहात नेऊन सोडत होते. बायकोला बघून ते ओशाळले.

"जीव हाय गं त्यांला बी. डोहाला पाणी लय हाय, तिथं जगतील. तिथं कोन गळ टाकत नाय ना?"

"नाय वो, कोन टाकतंय!" कुसाबाई चटकन म्हणाल्या.

 

आणि संध्याकाळी नेहमीसारख्या मागच्या दाराने धाकट्या जावेकडे गेल्या, डोहातल्या माशांचं कालवण खायला.