विक्रांतची भेट

लिफ्टमध्ये शुभदाने मनोहरकाकांना पुन्हा बजावलं, "नाव विक्रांत. शिक्षा झाली तेव्हा वय तेवीस. आणि काका, जास्त बोलू नका. बाबांचा जन्म साक्षीदार पारखण्यात गेलाय."

मनोहरकाका बँकेतून निवृत्त झालेले, सिंगापुरातच वुडलँड्सला राहणारे, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांत हमखास टाळ्या घेणारे. वयही जुळत होतं. पण आज ते लिफ्टमध्येही संवाद घोकत होते.

शुभदाचे वडील निशिकांत महाराष्ट्रात सेशन्स कोर्टाचे न्यायाधीश होते. कोर्टातलं काही घरी आणायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. आईलासुद्धा कधी एका खटल्याचं नाव कळलं नाही. पण नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि शुभदाने त्यांना आपल्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. "विक्रांत निर्दोष होता गं. फार उशिरा कळलं मला. त्याची माफी मागायची राहिली."

नाव आणि वय तेवढं कळलं, पण आडनाव विचारलं, की विषय बदलायचे. शोधायचं तरी कुठे? बाबांनी हे ओझं घेऊन जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी खोटं बोलायचीही तिची तयारी होती.

काका पलंगाजवळ उभे राहिले. "साहेब, मी विक्रांत."

निशिकांतांनी त्यांना नीट न्याहाळलं. "आई कशी आहे तुझी?"

"गेली, साहेब. शेवटपर्यंत माझ्याजवळच होती."

"लग्न केलंस?"

"हो. दोन मुली आहेत. सुखात आहे मी." काका पलंगाच्या कडेला टेकले. "माझा तुमच्यावर राग नाही. जे पुरावे समोर आले, त्यावर तुम्ही निकाल दिलात."

निशिकांतांनी हात जोडले. काकांनी ते घाईघाईने आपल्या हातात धरले. शुभदाने तोंड फिरवून डोळे पुसले.

काकांना लिफ्टपर्यंत सोडून ती परत आली, तेव्हा बाबांनी आपणहून पेज मागितली. किती दिवसांनी! तिने चमचा पुढे केला.

"आता बरं वाटतंय ना, बाबा?"

"भला माणूस आहे. माझे आभार सांग त्यांना." त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "तुझीही फार धावपळ झाली गं माझ्यापायी. दोन मुली आहेत म्हणाले ना, तेव्हा क्षणभर खरंच वाटलं मला."

"बाबा..."

"विक्रांतला तर फाशी झाली होती."